तळ्यांकांठचें गिरणीगांव : नागपूर



चीन देशांत ताई-हू नांवाच्या विस्तीर्ण सरोवराच्या उत्तर तीरावर वूशी नांवाचें शहर आहे. रेशीम व तांदूळ यांच्या व्यापारावर तें वाढलें, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं तेथें पिठाच्या व सुताच्या गिरण्या निघाल्या. लोक त्यास ‘छोटें शांघाय’ म्हणूं लागले. हें वर्णन वाचलें म्हणजे आम्हां यवतमाळकरांस आपल्या नागपुराचें स्मरण होतें.

नाग नदी लहान. तेव्हां पाणी अडविणें ही येथील राज्यकर्त्यांची पहिली विवंचना. अठराव्या शतकाच्या आरंभीं देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद यानें शहर वसविलें. पुढें चांद सुलतानानें त्यास तट घातला व जुम्मा तलाव बांधला. मग भोसले आले. १८५४ मध्यें त्यांचें राज्य खालसा झालें, आणि १८६७ मध्यें मुंबईची रेल्वे येऊन पोंचली.

जमशेटजी टाटांनीं १८७४ मध्यें पंधरा लाखांच्या भांडवलावर कंपनी काढली. मुंबई सोडून ते इतक्या दूर कां आले? कापूस येथून मुंबईस न्यावयाचा व त्याचेंच कापड पुन्हां इकडे विकावयास आणावयाचें, हा दुहेरी हशील त्यांना पटेना. कोळसा वरोऱ्याचा जवळच होता. जागा मात्र जुम्मा तलावाशेजारची, दलदलीची. भराव घालण्यांतच पुष्कळ पैसा गेला. एका स्थानिक सावकारानें तर ‘हा गृहस्थ सोनें मातींत घालतो’ म्हणून पैसे देण्याचें नाकारलें. पुढें त्यालाच कबूल करावें लागलें कीं, यानें माती घालून सोनें काढलें!

१ जानेवारी १८७७ रोजीं, व्हिक्टोरिया राणीस सम्राज्ञी म्हणून जाहीर केलें त्याच दिवशीं, गिरणी सुरू झाली. म्हणून तिचें नांव एम्प्रेस. बेझनजी मेहता हे तिचे व्यवस्थापक. रिंग पद्धतीच्या चात्या हिंदुस्थानांत प्रथम येथेंच चालल्या. १८८६ मध्यें कामगारांसाठीं निवृत्तिवेतनाचा निधि निघाला, व १८९५ मध्यें अपघातांत जायबंदी झालेल्यांस भरपाई मिळूं लागली. त्या काळीं ही गोष्ट लहान नव्हे.

आमच्या जिल्ह्याचा कापूस तेव्हां बैलगाड्यांतून धामणगांव स्टेशनावर जाई. यवतमाळाहून अंतर एकोणतीस मैल. गिरणीच्या कथेंत मालक येतात, यंत्रें येतात, कामगारही येतात. कापूस पिकविणाराचें नांव मात्र कोठेंच येत नाहीं. भूगोल शिकवितांना हें मला नेहमीं खटकत आलें.

१९८६ मध्यें ही गिरणी सरकारच्या ताब्यांत गेली आणि २००२ मध्यें बंद पडली. तिच्या जागेवर आतां टोलेजंग इमारती व एक भव्य विक्रीदालन आहे. जुम्मा तलावाचें नांवही बदललें. त्याला आतां गांधीसागर म्हणतात.