पुडीत बांधलेले माप : १९७१ची पटकी आणि ओआरएस

१/ जून १९७१. पूर्व पाकिस्तानातील अत्याचारांपासून जीव वाचवून आलेल्या निर्वासितांचे लोंढे पश्चिम बंगालमधील बनगावात थडकत होते. पाठोपाठ पटकी आली. रुग्णालयात पटकीच्या रुग्णांसाठी खाटा अवघ्या १६, बाकीचे जमिनीवर. सलाइन अपुरे आणि ते शिरेतून देऊ शकणारे हातही अपुरे.

२/ पटकीत शरीरातील पाणी व क्षार झपाट्याने निघून जातात आणि त्यानेच मृत्यू ओढवतो. सोबत ग्लुकोज असेल तर आतडे मीठ आणि पाणी शोषून घेते, हे तोवर ज्ञात होते. १९६८मध्ये ढाक्यात रुग्णांवरील प्रयोगही यशस्वी ठरले होते. पण ते तज्ज्ञांच्या देखरेखीखाली. छावणीत अचूक मापाचे द्रावण बनवणार कोण?

३/ डॉ. दिलीप महालनबीस यांनी ते माप पुडीतच बांधले. कलकत्त्यातील जॉन्स हॉपकिन्स संशोधन केंद्राच्या ग्रंथालयात मिश्रणाचे वजन होऊ लागले : एका लिटरमागे २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ, २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा. प्लास्टिकच्या पिशव्यांत सूचनेची चिठ्ठी घालून त्या तापल्या इस्त्रीने बंद केल्या जात.

४/ एक लिटर औषध वाहून नेण्याऐवजी २८ ग्रॅम पूड न्यायची. पाणी छावणीतच मिळे. पिंपात द्रावण तयार होई आणि आप्तच रुग्णाला ते पाजत. सुमारे ३० टक्क्यांवर गेलेले मृत्यूचे प्रमाण उपचार मिळालेल्या रुग्णांत ३.६ टक्क्यांपर्यंत उतरले.

५/ बनगावच्या पिशव्या ४ व १६ लिटर द्रावणासाठी होत्या. पुढे जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या प्रयत्नांतून एका लिटरची पुडी घरोघरी पोहोचली. जिथे पुड्या पुरेनात, तिथे मापच शिकवावे लागले : बांगलादेशात ‘ब्रॅक’ संस्थेने १९८०पासून दारोदारी जाऊन मातांना चिमूटभर मीठ आणि मूठभर गूळ यांचे प्रमाण शिकवले.

६/ २००२मध्ये हे सूत्र बदलले. आज एका लिटरच्या पुडीत २०.५ ग्रॅम मिश्रण असते. नियम मात्र तोच : एक लिटरची संपूर्ण पुडी, पूर्ण एक लिटर स्वच्छ पाण्यात. पाणी कमी घेतले तर क्षार वाढतात आणि तेच औषध बालकाला अपाय करते. मीठ-साखर प्रत्येक घरात होतीच. पुडीने घराला दिले ते माप.