शिकविण्यापूर्वी भौतिकशास्त्राची उजळणी

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या माध्यमिक शाळांत भौतिकशास्त्र हा स्वतंत्र विषय नसून 'विज्ञान आणि तंत्रज्ञान' या विषयाचा एक भाग आहे. तो शिकविणारा शिक्षक पुष्कळदा रसायनशास्त्राचा किंवा जीवशास्त्राचा पदवीधर असतो आणि बारावीनंतर भौतिकशास्त्राशी त्याचा संबंध जवळजवळ तुटलेला असतो. भौतिकशास्त्राच्या पदवीधराचीही स्थिती नेहमीच निराळी असते असे नाही. सूत्रे आठवतात; पण विद्यार्थ्याने 'असे का?' विचारले की उत्तर अडखळते. म्हणूनच वर्गावर जाण्यापूर्वीची उजळणी म्हणजे केवळ सूत्रांचे पाठांतर नव्हे. स्वतःच्या मनात राहून गेलेल्या चुकीच्या समजुती शोधून काढणे हा तिचा गाभा होय. शिक्षकाची एक चुकीची समजूत दर वर्षी वर्गभर मुलांच्या वहीत उतरत असते.

उदाहरण सुटते, संकल्पना निसटते

अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्य विद्यापीठातील डेव्हिड हेस्टेनेस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली 'फोर्स कन्सेप्ट इन्व्हेंटरी' ही चाचणी प्रसिद्ध केली. तीत आकडेमोड जवळजवळ नाही. रोजच्या व्यवहारातील गतीविषयी साधे बहुपर्यायी प्रश्न आहेत आणि चुकीचे पर्याय लोकांच्या प्रचलित समजुतींवरून घेतलेले आहेत. हार्वर्ड विद्यापीठातील प्राध्यापक एरिक माझूर यांनी ही चाचणी आपल्या विद्यार्थ्यांना दिली, तेव्हा कठीण गणिते सोडविणारे विद्यार्थीही या साध्या प्रश्नांत चुकले. त्यानंतर माझूर यांनी आपली अध्यापनपद्धतीच बदलली. उजळणीचा आरंभ अशा प्रश्नांनी करणे हितावह ठरते, कारण त्यातून आपले कच्चे दुवे आपल्यालाच दिसतात.

नेहमी चुकणाऱ्या जागा

उभा वर फेकलेला चेंडू सर्वोच्च बिंदूवर क्षणभर थांबतो. त्या क्षणी वेग शून्य असला, तरी त्वरण शून्य नसते. ते खालच्या दिशेने ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढेच असते.

टेबलावरील पुस्तकाचे वजन आणि टेबलाने त्यावर वरच्या दिशेने लावलेले बल यांना क्रिया-प्रतिक्रियेची जोडी समजले जाते. प्रत्यक्षात ही दोन्ही बले एकाच पुस्तकावर कार्य करतात. न्यूटनच्या तिसऱ्या नियमातील जोडी मात्र दोन भिन्न वस्तूंवर कार्य करते. पृथ्वी पुस्तकाला खेचते, तेव्हा पुस्तकही पृथ्वीला तेवढ्याच बलाने खेचते.

अवकाशस्थानकात गुरुत्वाकर्षण नसते, हाही एक रूढ गैरसमज आहे. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर गुरुत्वत्वरण भूपृष्ठावरील मूल्याच्या जवळजवळ ९० टक्के असते. स्थानक व त्यातील माणसे एकत्रच मुक्त पतन करीत असल्याने वजनरहित अवस्था जाणवते.

विद्युतधारा दिव्यात 'खर्च' होत नाही. एकसर जोडणीत दिव्यापूर्वी व दिव्यानंतर ती सारखीच असते. रूपांतर होते ते ऊर्जेचे. तसेच बहिर्गोल भिंगाचा अर्धा भाग झाकल्यास प्रतिमा अर्धी होत नाही. ती पूर्णच राहते, केवळ अंधूक होते.

उजळणीचा क्रम

प्रथम ज्या इयत्तेला शिकवावयाचे तिचे पाठ्यपुस्तक ओळ न ओळ वाचावे. त्यानंतर अकरावी-बारावीचे संबंधित प्रकरण पाहावे. कारण विद्यार्थ्यांच्या शंका पुस्तकाच्या एक पायरी पुढच्या असतात. अधिक खोलात जाण्यासाठी हरिश्चंद्र वर्मा यांचे 'कन्सेप्ट्स ऑफ फिजिक्स' हे द्विखंडी पुस्तक उपयुक्त आहे. आरंभ गती, बल व ऊर्जा यांपासून करावा. या कल्पना स्पष्ट झाल्या, की उष्णता, विद्युत व गुरुत्वाकर्षण ही प्रकरणे सुलभ होतात. प्रत्येक प्रकरणानंतर त्याचा आशय सूत्राविना, साध्या मराठीत सांगून पाहावा. जेथे वाक्य अडते, तेथे संकल्पना अपुरी आहे असे समजावे.

प्रयोग स्वतःच्या हाताने करून पाहणे तितकेच महत्त्वाचे. सेल, बल्ब, भिंग, मेणबत्ती, दोरा व वजन एवढ्या साहित्यात माध्यमिक अभ्यासक्रमाचा मोठा भाग तपासता येतो. टाकाऊ वस्तूंतून वैज्ञानिक खेळणी करण्याची अरविंद गुप्ता यांची पद्धत येथे मार्गदर्शक ठरते. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात २००२ साली सुरू झालेल्या 'फेट' प्रकल्पाची संगणकीय प्रतिरूपे विनामूल्य आहेत व त्यांपैकी अनेक मराठीतही उपलब्ध आहेत. मुंबईत मानखुर्द येथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र हे १९७४ पासून विज्ञान शिक्षणाच्या क्षेत्रात कार्यरत आहे.

काळाबरोबर बदललेले

महाविद्यालय सोडून बरीच वर्षे झालेल्या शिक्षकाने नव्या घडामोडींचीही नोंद घ्यावयास हवी. पॅरिसजवळ जतन केलेल्या प्लॅटिनम-इरिडियमच्या दंडगोलावरून किलोग्रॅम ठरविण्याची पद्धत २० मे २०१९ रोजी संपुष्टात आली. आता ते एकक प्लांकच्या स्थिरांकावर आधारलेले आहे. गुरुत्वीय लहरींची पहिली प्रत्यक्ष नोंद १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगो वेधशाळेत झाली. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारावयाच्या लायगो-इंडिया प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ साली मंजुरी दिली. त्यामुळे मराठवाड्यातील मुलांच्या दृष्टीने हा विषय परका राहिलेला नाही.

एवढ्या तयारीनंतरही एखादा प्रश्न अनुत्तरित राहतोच. अशा वेळी ठोकून उत्तर देण्यापेक्षा 'उद्या पाहून सांगतो' असे म्हणावे आणि दुसऱ्या दिवशी खरोखरच सांगावे. विज्ञानाची रीत मुले त्यातूनच शिकतात.