कातर कुणाला, कंगवा कुणाला

उन्हाळा लागला की आमच्या मुरगूडसारख्या गावातही अलीकडे एक नवे दृश्य दिसू लागले आहे. एरवी पांढऱ्याशुभ्र केसांत गुरफटलेला घरचा कुत्रा एके दिवशी अंगावरचे सगळे केस उतरवून, गुलाबी कातडी घेऊन दारात बसलेला असतो. मालक कौतुकाने सांगतात, “उकाडा सोसत नव्हता बिचाऱ्याला. मशीन मागवलं आणि घरीच सफाचट केलं.” हेतू चांगलाच असतो. पण जनावराच्या अंगावरचे केस कुणाचे कापायचे, कुणाचे नाही, हा प्रश्न माणसापुढे फार जुना आहे. आमच्या कागल तालुक्यातल्या धनगरांना त्याचे उत्तर असे मशीन निघण्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे.

रानटी मेंढीला कातरावे लागत नाही. ऋतू बदलला की तिचे केस आपोआप झडतात. माणसाने मेंढी पाळली ती सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी. पुढे जिची लोकर जास्त टिकते तीच मेंढी तो पिढ्यान्‌पिढ्या राखत गेला. होता होता काही जातींची लोकर झडायचीच थांबली. तेव्हापासून कातरणी ही माणसाची गरज तर झालीच, पण ते त्याचे कर्तव्यही झाले. ऑस्ट्रेलियात 2015 साली कॅनबेराजवळ कळपापासून चुकलेला एक मेंढा सापडला. वर्षानुवर्षे त्याला कुणी कातरले नव्हते. त्याच्या अंगावरून चाळीस किलोंहून अधिक लोकर निघाली. त्या ओझ्याने त्याला चालणेही कठीण झाले होते.

आमच्याकडचा धनगर मेंढरांना ‘बकरी’च म्हणतो. ही दख्खनी जातीची मेंढरे, लोकर काळी आणि जाडीभरडी. वर्षाकाठी एका मेंढरामागे जेमतेम अर्धा-पाऊण किलो लोकर मिळते. वर्षातून दोनदा कातरणी होते. आधी मेंढरे नदीत धुवायची, अंग सुकू द्यायचे आणि मग कातर चालवायची. वेदगंगेच्या काठी मी हे लहानपणापासून पाहत आलो आहे. पाय आवळून आडवे केलेले मेंढरू, अंगाशी सपाट धरलेली कातर आणि कातड्याला ओरखडाही न उठू देणारा हात. ही लोकर पुढे सणगरांच्या मागावर जायची, चिंचोक्याची खळ पिऊन तिचे घोंगडे व्हायचे. पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्याबरोबर लोकरही उधळतात. जी वस्तू देवावर उधळावी ती काही केवळ कातरून टाकलेला कचरा नव्हे.

आणि त्याच तळावर राखणीचा कुत्रा बसलेला असतो. त्याच्या अंगाला धनगराने कातर लावलेली मी कधी पाहिली नाही. कारण साधे आहे. त्याचे केस त्याचे तोच झाडतो.

लांब केसांचा कुत्रा आपल्याला अगदीच परका होता असेही नाही. कोल्हापूर-सांगलीपासून मुधोळपर्यंत ज्याला आपण कारवानी म्हणतो, तो कारवानांबरोबर पश्चिमेकडून आलेल्या शिकारी कुत्र्यांच्या वंशातला मानतात. मुधोळच्या मालोजीराव घोरपड्यांनी ही जात जोपासली आणि एक जोडी इंग्लंडच्या राजाला नजर केली. 2005 साली मुधोळ कुत्र्याचे टपाल तिकीट निघाले. याच कारवानीत कान, पाय आणि शेपटीवर रेशमी झालर असलेला एक प्रकार आहे. त्याचे नाव पश्मी. फारसीत पश्म म्हणजे लोकर. पश्मिना शालीतला पश्म तोच. म्हणजे पश्मी हा चक्क लोकरवाला कुत्रा! तरीही त्याची झालर हे त्याचे भूषण समजले गेले.

मग कुत्र्याचे केस अडचणीचे कधी झाले? माझ्या मते, तो उंबरा ओलांडून आत आला तेव्हा. कुराणात गुहेत झोपी गेलेल्या तरुणांची कथा आहे. त्यांच्यासोबत त्यांचा कुत्राही आहे, पण तो उंबऱ्याशी पुढचे पाय पसरून बसलेला. आमच्या मोहल्ल्यातच काय, शेजारच्या वाड्यांमध्येही कुत्र्याची जागा तीच होती. त्याचे केस अंगणात झडत आणि वारा ते घेऊन जाई. तो दिवाणखान्यात आला आणि तेच केस चादरीवर, जेवणाच्या ताटात दिसू लागले.

त्याला आत आणणारी हौस विलायतेतून आली. 1888 साली फ्लॉरेन्सच्या मुक्कामात राणी व्हिक्टोरियाला पॉमेरेनियन कुत्रे आवडले, तिने ते इंग्लंडला नेले आणि या जातीचा बोलबाला झाला. आपल्याकडे त्याच कुळातला, थोडा थोराड असा स्पिट्झ रुळला. 1994 च्या ‘हम आपके हैं कौन’मधल्या टफीने तर तो गावोगावी नेला.

यंत्राचा प्रवास मात्र मेंढराकडूनच सुरू होतो म्हटले तरी चालेल. फ्रेडरिक वुल्सली याने ऑस्ट्रेलियात कातरणीचे यंत्र सिद्ध केले आणि 1888 साली तिथल्या डनलॉप कुरणावर सगळा कळप यंत्राने कातरला गेला. माणसाच्या केसांसाठी विजेवर चालणारे हातातले मशीन अमेरिकेत लिओ वाहल याने 1919 ते 1921 च्या सुमारास आणले. न्हाव्याच्या दुकानातून ते कुत्र्यापर्यंत पोहोचले. पण यंत्राला हात आहे, नजर नाही. समोर पूडल आहे की स्पिट्झ, हे त्याला कसे कळणार?

हा भेद कळीचा आहे. पूडल, ल्हासा आप्सो, शिह त्झू यांचे केस माणसासारखे वाढतच राहतात. ते कापावेच लागतात, नाहीतर जटा होऊन कातडी ओढली जाते. स्पिट्झ, पॉमेरेनियन, अल्सेशियन यांच्या अंगावर दोन थर असतात. आत मऊ लव, वर लांब राठ केस. आतली लव उन्हाळ्यात झडते. वरचे केस ऊन अडवतात. कुत्रा आपल्यासारखा अंगभर घामेजत नाही, तो मुख्यतः जीभ काढून धापा टाकत गार होतो. त्यामुळे केस उतरवून त्याला फारसा गारवा मिळत नाही, उलट कातडी उन्हाने भाजते. काहींचे केस पुन्हा पूर्वीसारखे येतही नाहीत. त्यांना हवा कंगवा, पाणी आणि सावली.

ज्यांचे कापायचे त्यांचेही धनगरी शिस्तीने कापावेत. आधी गुंता सोडवा, मग अंघोळ घाला, पूर्ण सुकवा. पाते केसांच्या वळणाने, कातडीला सपाट धरून चालवा. पाते चालून चालून तापते, ते मधूनमधून हाताला लावून पाहा. कान, काख आणि पंजे यांच्यापाशी घाई नको.

ही शिस्त सांगणारी माणसे अजून आपल्या शेजारी आहेत. एप्रिल 2025 मध्ये आमच्या शेजारच्या यमग्याचा बिरदेव डोणे यूपीएससी उत्तीर्ण झाला, तेव्हा तो बेळगाव भागात मेंढरांमागे होता. साऱ्या महाराष्ट्राने त्याचे कौतुक केले, ते योग्यच झाले. पण त्या तळावरच्या लोकरीला मात्र आज धड भाव नाही. कातरणीचा खर्चही सुटत नाही, म्हणून ती पुष्कळदा रानातच टाकून दिली जाते. तरीही धनगर मेंढरू कातरतो, कारण न कातरले तर त्या जिवाचे हाल होतील हे तो जाणतो. कुत्र्यासाठी मशीन मागवण्याआधी आपणही एवढाच प्रश्न विचारावा: हे केस त्याला जड झाले आहेत, की आपल्या घराला?