सोळा नंबरवर कोण आहे?

कोकणात बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की होड्या खाडीत शिरायच्या. पण आधीच बाहेर गेलेल्या होडीला तो दिसायचा कसा? पुढे ट्रान्झिस्टर आला आणि आकाशवाणीवरचा मच्छीमारांसाठीचा इशारा समुद्रातही ऐकू येऊ लागला. तरी बोलायचं किनाऱ्याने आणि ऐकायचं बोटीने, हा शिरस्ता काही बदलला नाही.

बोटीला बोलता आलं नाही की काय होतं, हे ‘रामदास’ने दाखवलं. १७ जुलै १९४७च्या सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ही बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली. तिच्यावर बिनतारी यंत्र नव्हतं. सहाशेहून अधिक माणसं गेली, आणि मुंबईला पत्ता लागला तो दुपारी, वाचलेलं कुणी पाण्यातून किनाऱ्याला लागलं तेव्हा. कित्येकांना रेवसच्या कोळ्यांनी वाचवलं, तेही त्यांच्या होड्या वाटेत होत्या म्हणून.

मोठ्या जहाजांवर बिनतारी यंत्र तेव्हा जुनं झालं होतं. १९१२ साली ‘टायटॅनिक’चा संदेश ऐकूनच ‘कार्पेथिया’ धावली होती. पण त्या यंत्राला मोर्स शिकलेला माणूस लागे. मच्छीमाराला परवडला तो व्हीएचएफ, म्हणजे आमच्या भाषेत वायरलेस: बारा व्होल्टची बॅटरी, बटण दाबून बोला, सोडून ऐका.

मी हर्णैला हे संच बसवतो. नाखवा आल्याआल्या विचारतो, “किती वॉटचा?” बोटीवर पक्का बसणारा २५ वॉटचा, हातातला बहुधा ५चा. मी म्हणतो, वॉटचं मागाहून बघू, एरियल कुठे लावणार? व्हीएचएफची लहर जवळपास सरळ रेषेत जाते, क्षितिजाखाली फारशी उतरत नाही. दोन्ही बोटींची एरियल पाण्यापासून चार मीटरवर असली तर हिशेबाने सोळा-सतरा किलोमीटर बोलणं होतं. समोर किनाऱ्यावर शंभर मीटरचा टॉवर असला तर तीच बोट पंचेचाळीसच्या पुढे पोचते. म्हणून एरियल डोलकाठीच्या शेंड्याला. आणि केबलचा जोड नीट बंद हवा. खारं पाणी शिरलं की तांब्याची तार आतून हिरवी पडते, आणि नाखवा संचाला शिव्या घालतो.

सोळा नंबरचा चॅनेल, १५६.८ मेगाहर्ट्झ, हाक मारण्यासाठी आणि संकटासाठी. एरवी हाक मारून झाली की दुसऱ्या चॅनेलवर जायचं. संकटात तीनदा ‘मेडे’, मग बोटीचं नाव, ठिकाण, काय झालं आणि माणसं किती. एरवी वायरलेसवर डिझेल, बर्फ, मासळीचा भाव, सगळं चालतं. सगळे ऐकतात हे ठाऊक असल्याने जाळ्याला घोळ मासा लागला की मात्र तांडेल मुका होतो.

आता खिशात मोबाईल आहे, पण किनारा सुटला की त्याची रेंजही सुटते, आणि तो वाजतो एकाच्याच कानाशी. इस्रोने बनवलेलं ‘डॅट’ संकटाचा संदेश उपग्रहामार्फत पाठवतं. तो पोचल्याची पोच उलट बोटीवर देणारं नवं ‘डॅट’ २०२४ साली आलं. ते बोटीवर हवंच. पण दोन कोसांवरच्या बोटीला थेट हाक ऐकू जाते ती वायरलेसवरच, अर्थात तिचा संच चालू असला तर.

बॅटरी वाचवायची म्हणून पुष्कळ जण तो बंद ठेवतात. पूर्ण ताकदीने बोलताना संच पाचेक अँपिअर खातो, नुसतं ऐकताना अर्धासुद्धा नाही. एवढी बचत करणाऱ्याचं स्वतःचं काही अडत नाही, अडतं ते शेजारच्या बोटीचं.