सुवर्णदुर्गाहून चारमहालाकडे

एप्रिल १७५५चा पहिला आठवडा. हर्णैच्या समुद्रात पेशव्यांचे सरदार रामाजी महादेव यांच्या एका गलबतावर तुम्ही वल्ह्याला बसला आहात. आपलं आरमार चांगलं मोठं, तरी तोफा कडाडताहेत त्या पुढच्या ‘प्रोटेक्टर’ या इंग्रजी जहाजावरून. त्याचा कमोडोर विल्यम जेम्स, मूळचा वेल्सचा. मुंबईच्या इंग्रजांनी त्याला बजावलंय, मराठी दर्यासरदार आंग्र्यांच्या किल्ल्यांवर चालून जाऊ नकोस, नुसती कोंडी कर. गडी ऐकत नाही.

समुद्राच्या बाजूनं गोळे टाकूनही आंग्र्यांच्या सुवर्णदुर्गाचा कातळ ढिम्म हलला नाही. मग जेम्स ठाव घेत घेत किल्ला आणि किनारा यांच्यामधल्या चिंचोळ्या पाण्यात शिरतो. डोलकाठीवरचे बंदूकवाले तटावरच्या गोलंदाजांना तोफेशी टिकू देत नाहीत. एक गोळा गवती छपरावर पडतो, आग विझवायला कोणी धजत नाही, आणि दारूकोठार उडतं. कानठळ्या बसतात. बायकापोरं होड्यांत कोंबून पळताहेत. तुमच्या गलबतावर जल्लोष होतो. करा तुम्हीही, पुण्याचाच हुकूम आहे!

(हाच जेम्स १७७४ साली वेस्ट लूमधून पार्लमेंटात बसला, पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा अध्यक्ष झाला. १७८४मध्ये त्याच्या बायकोनं लंडनच्या शूटर्स हिलवर तिकोनी मनोरा उभारला, ‘सेव्हर्नड्रूग’. त्यावरच्या लेखात सुवर्णदुर्ग मलबार किनाऱ्यावर जाऊन बसलाय आणि विजय एकट्या जेम्सचा. रामाजीपंत कुठेच नाहीत.)

आता घाट ओलांडून हैदराबादेत या. १७५६चा पावसाळा. समुद्राचा इथे वासही नाही. निजाम सलाबतजंगानं नोकरीवरून काढलेला फ्रेंच सेनानी बुसी चारमहाल नावाच्या वाड्यात मोर्चे बांधून बसलाय, बाहेर निजामाची फौज. खरं तर पेशव्यांना हाताशी धरून याच्यावरच चालून जायला क्लाइव्ह आणि ॲडमिरल वॉटसन मुंबईला आले होते. पण इंग्रज-फ्रेंचांचा तह झाला, फौज रिकामी बसली. तेवढ्यात जेम्स आंग्र्यांच्या विजयदुर्गाची टेहळणी करून आला आणि म्हणाला, हा समुद्रातून घेता येईल. याच वर्षी फेब्रुवारीत तिथे आंग्र्यांचं आरमार जळून खाक झालं. नानासाहेब पेशव्यांच्या पदरात नेमकं काय पडलं, हे मला आजवर कळलेलं नाही. मराठी दर्यावर्दी बुडाले, आणि ज्याच्यासाठी तोफा आणल्या तो बुसी इथे तटावर शाबूत उभा आहे. ऑगस्टमध्ये मछलीपट्टणहून त्याची कुमक पोहोचते. सलाबतजंग समेट करतो आणि बुसीला पुन्हा नोकरीत घेतो.