सिकंदराबादचे फली मेजर

भारतीय वायुदलाच्या प्रमुखपदी आजवर एकच हेलिकॉप्टर वैमानिक पोहोचला, आणि तो आपल्या जुळ्या शहरांतला. एअर चीफ मार्शल फली होमी मेजर. जन्म सिकंदराबादचा, २९ मे १९४७, घर पारशी. आडनाव मेजर आणि नोकरी वायुदलात, यावरून त्यांना किती विनोद ऐकावे लागले असतील, कोण जाणे! आपल्या मंडळींना सॅम माणेकशा ठाऊक असतात, वायुदलाचे पहिले पारशी प्रमुख अ‍ॅस्पी इंजिनिअरही काहींना आठवतात. फली मेजर हे नाव मात्र याच शहरात अनेकांच्या कानावरून गेलेले नाही. म्हणून हा लेख.

अल्वाल, बोलारमकडे राहणाऱ्यांना हेलिकॉप्टरचा आवाज नवा नाही. हकीमपेटला वायुदलाची हेलिकॉप्टर प्रशिक्षण शाळा आहे. तिथली पोरे मैदानावर, जमिनीपासून थोड्याच उंचीवर, यंत्र नुसते एका जागी धरून ठेवायचा सराव करतात. बघणाऱ्याला वाटते, हे काही करतच नाहीत! खरी विद्या तीच आहे. विमान पुढे जाते म्हणून हवेत राहते. हेलिकॉप्टर एका जागी थांबते तेव्हा सगळे वजन पंखाच पेलत असतो, इंजिनाची ताकद जास्तीत जास्त लागते आणि यंत्र सारखे कुठल्यातरी बाजूला सरकू पाहते. डाव्या हातात उंचीचा दांडा, उजव्या हातात दिशेचा, दोन्ही पाय शेपटीच्या पंख्याच्या पेडलवर. एक हलवले की बाकीची सगळी सावरावी लागतात. डोंगरात हवा विरळ, तिथे हे अधिकच कठीण.

मेजर ३१ डिसेंबर १९६७ रोजी वायुदलात दाखल झाले. त्यांच्या नावावर पुढे पावणेआठ हजार तासांहून अधिक उड्डाण जमा झाले. श्रीलंकेत शांतिसेना गेली तेव्हा ते तिथे होते. सियाचीनमध्येही त्यांनी एमआय-१७ हेलिकॉप्टरांच्या तुकडीचे नेतृत्व केले. एप्रिल १९८४ पासून आपले जवान त्या हिमनदीवर आहेत. रॉकेल, पीठ, औषधे वर जातात आणि हिमदंशाने पाय काळे पडलेला जवान खाली येतो, तो हेलिकॉप्टरनेच. अगदी उंचावरच्या चौक्यांना लहान चीता हेलिकॉप्टर, त्याखाली मोठे एमआय-१७. हे काम वर्षाचे बारा महिने चालते, त्याची बातमी होत नाही.

बातमी झाली ती ऑक्टोबर १९९२ मध्ये. हिमाचल प्रदेशात कालक्याच्या वर परवाणू गाव आहे. तिथे टिंबर ट्रेल नावाचा रोपवे कौशल्या नदीची दरी ओलांडून पलीकडच्या डोंगरावर जातो. १३ ऑक्टोबरला वरच्या टोकाजवळ पोहोचलेल्या ट्रॉलीची ओढतार तुटली. ट्रॉली उलटी घसरत गेली आणि दरीच्या मध्यावर थांबली. चालकाने उडी मारली, तो वाचला नाही. आतले प्रवासी जमिनीपासून सुमारे तेराशे फुटांवर लोंबकळत राहिले. खालून शिडी पोहोचणार नाही, तारेवरून माणूस जाऊ शकत नाही. उरला मार्ग वरचा.

उत्तर प्रदेशातल्या सरसावा तळावरून एमआय-१७ आले. चालवणारे ग्रुप कॅप्टन फली मेजर. सैन्याच्या पॅराकमांडो पलटणीतले अधिकारी होते मेजर इव्हान जोसेफ क्रास्टो. म्हणजे एक मेजर आडनावाने, एक हुद्द्याने.

आता अडचण काय होती ते नीट पाहू, कारण टीव्हीवर हे सगळे सोपे दिसते. एमआय-१७ च्या मुख्य पंख्याचा व्यास एकवीस मीटरहून जास्त. तो खाली जो वारा फेकतो त्याने माणूस पडतो. तारेवर टांगलेली ट्रॉली त्या वाऱ्याने पाळण्यासारखी हलणार. हेलिकॉप्टर खाली आणावे तर ट्रॉली जास्त हलते आणि तारांना पंखा लागायची भीती. वर ठेवावे तर विंचच्या दोराला लटकलेला माणूस लंबकासारखा झोके घेतो. शिवाय वैमानिकाला आपल्या पोटाखालचे काहीच दिसत नाही. दाराशी पालथा पडलेला सहकारी सांगणार, जरा डावीकडे, थोडे पुढे, थांबा. आणि त्या आवाजाच्या भरवशावर कित्येक टन वजनाचे यंत्र फुटाफुटाने हलवायचे. समोर धरायला खूण म्हणून काय, तर दरीपलीकडचा डोंगर!

१४ तारखेला क्रास्टो दोराने ट्रॉलीच्या छपरावर उतरले, वरच्या झडपेतून आत शिरले आणि एकेका प्रवाशाला पट्ट्यात अडकवून वर पाठवू लागले. अंधार पडला तेव्हा काही जण अजून आतच होते. क्रास्टो हेलिकॉप्टरमध्ये परतले नाहीत. त्या रात्री ते उरलेल्या प्रवाशांबरोबर ट्रॉलीतच राहिले. दुसऱ्या दिवशी हेलिकॉप्टर परत आले आणि उरलेलेही सुखरूप बाहेर निघाले. क्रास्टोंना कीर्तिचक्र, फली मेजर यांना शौर्यचक्र मिळाले. मला स्वतःला क्रास्टोंची ती रात्र जास्त मोठी वाटते, आणि असे म्हणण्याने मेजरांना काही कमीपणा येतो असे नाही. सकाळी हेलिकॉप्टर येणार आणि हवेत स्थिर थांबणार, या खात्रीवरच तो माणूस तिथे थांबला होता.

पुढे मेजर लेहच्या तळाचे प्रमुख झाले. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली तेव्हा ते तिन्ही दलांच्या एकत्रित मुख्यालयात होते आणि मदतकार्याची जुळवाजुळव त्यांच्याकडे होती. त्यानंतर पूर्व विभागाचे सेनापतिपद. ३१ मार्च २००७ रोजी एअर चीफ मार्शल त्यागी निवृत्त झाले आणि मेजर प्रमुख झाले.

लढाऊ विमान न चालवलेला माणूस वायुदल कसे सांभाळणार, ही कुजबुज तेव्हा झालीच. तो प्रश्न अगदीच खुळा नाही. शत्रूच्या विमानांपासून आकाश राखणे हे वायुदलाचे पहिले काम, आणि ते लढाऊ वैमानिक करतात. पण त्या कुजबुजीत आणखी एक सूर असतो, तो मी चांगला ओळखतो. मी सरकारी नोकरीत आहे, पदविकाधारक आहे. पदवीवाले आणि पदविकावाले यांच्या ज्येष्ठता याद्या कशा वेगळ्या लागतात, साइटवर चिखलात कोण उभे असते आणि फाइलवर सही कोणाची असते, हे खात्यातला प्रत्येक जण जाणतो. वाहून नेणाऱ्याचे काम दुय्यम, असे एक गृहीत असते. २८ मे १९९९ ला तोलोलिंगवर रॉकेट हल्ला करताना आपले एमआय-१७ क्षेपणास्त्राने पाडले गेले, चौघेही गेले. त्यांना दुय्यम कोण म्हणेल?

मेजर प्रमुख असतानाच २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईवर हल्ला झाला. २८ तारखेच्या सकाळी कुलाब्यातल्या नरिमन हाउसच्या गच्चीवर हेलिकॉप्टर येऊन थांबले आणि एनएसजीचे कमांडो दोराने खाली उतरले, हे आपण सगळ्यांनी घरात बसून पाहिले आहे. ते यंत्रही एमआय-१७ च. आजूबाजूला दाटीवाटीच्या इमारती, इमारतीत बंदुका घेतलेले अतिरेकी, आणि वैमानिकाला तेच करायचे होते: हलायचे नाही.

वयाची बासष्ट वर्षे पूर्ण होताच ३१ मे २००९ रोजी मेजर निवृत्त झाले. सूत्रे त्यांनी एअर चीफ मार्शल प्रदीप वसंत नाईक या मराठी माणसाच्या हाती दिली. नाईक लढाऊ वैमानिक होते. त्यानंतर आलेले सगळे प्रमुख, त्यांत आपल्या मराठवाड्यातले, नांदेड जिल्ह्याचे विवेक राम चौधरीही आले, लढाऊ वैमानिकच आहेत.