फिरत्या शेगडीचा इतिहास : तीन दगडांची चूल ते गॅसचा कॅन

१/
यवतमाळ जिल्ह्यातली चैत्रातली यात्रा असो, शेतावरचा मुक्काम असो वा पैनगंगेकाठची सहल. सामानात आता गॅसची छोटी शेगडी दिसू लागली आहे. सरपण नको, धूर नाही, दोन मिनिटांत चहा. ही सोय घडायला सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. त्या काळात विस्तव आटोपशीर होत गेला आणि त्याचा धोका डोळ्यांआड होत गेला. शेगडीच्या सुरक्षेचे नियम म्हणजे हा दडलेला धोका पुन्हा उघड करण्याचा प्रयत्न होय. त्याचाच हा इतिहास.

२/
सुरुवात तीन दगडांपासून. पुसद, दिग्रस, दारव्हा या भागांत स्थिरावलेल्या बंजारा समाजाचे पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून दूरदूर फिरत. मुक्काम पडला की तीन दगड मांडायचे, आजूबाजूचे सरपण गोळा करायचे आणि चूल पेटवायची. या चुलीचा धोका उघड होता. ज्वाळा दिसे, ठिणगी दिसे, धूर डोळ्यांना झोंबे. विस्तव विझला की नाही, हे राखेवर हात धरताच कळे.

३/
१८९२ मध्ये स्टॉकहोमच्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट यांनी काजळी न धरणारा रॉकेलचा स्टोव्ह तयार केला. तोच ‘प्रायमस’. पंप मारून टाकीत हवेचा दाब वाढवायचा. त्या दाबाने रॉकेल तापलेल्या नळीत चढून त्याची वाफ होते आणि निळी ज्योत फुरफुरत पेटते. नान्सेन आणि अमुंडसेन यांच्या ध्रुवीय मोहिमांत याच जातीच्या स्टोव्हने बर्फ वितळवला. पुढे मराठी मध्यमवर्गीय स्वयंपाकघरांतही त्याचा आवाज घुमू लागला.

४/
दाबाखालचे इंधन माणसाच्या हाती प्रथमच इतके सहज आले होते. पेटत्या स्टोव्हमध्ये घासलेट ओतणे, गरजेपेक्षा जास्त पंप मारणे, भेसळीचे इंधन वापरणे, यांतले काहीही भडक्याला पुरे होते. तरी हा स्टोव्ह बोलका होता. छिद्र तुंबले की आवाज बदले, ज्योत पिवळी पडे आणि घरातील माणसे पिन मारायला धावत. धोका डोळ्यांना कमी दिसू लागला होता, पण कानांना अजून ऐकू येत होता.

५/
याच स्टोव्हच्या इतिहासात एक काळे पानही आहे. ‘स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू’ अशा बातम्या १९७० आणि ८० च्या दशकांत वारंवार येत. त्यांतील अनेक मृत्यू अपघाती नव्हते, तर हुंड्यासाठी झालेले छळ आणि खून होते. स्त्री-संघटनांच्या लढ्यानंतर १९८३ मध्ये भारतीय दंडसंहितेत कलम ४९८-अ आले आणि १९८६ मध्ये हुंडाबळीचे कलम ३०४-ब. जळिताचे खरे कारण तपासणे हा न्यायाचाही प्रश्न असतो, हे त्या काळाने शिकवले.

६/
१९५५ मध्ये बर्मा शेल कंपनीने मुंबईत ‘बरशेन’ या नावाने सिलिंडरमधला गॅस विकायला सुरुवात केली. हा गॅस म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्यूटेन. दाबाखाली तो द्रव होतो, बाहेर पडताच त्याची वाफ होते. ही वाफ हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असते. ती वर उडून जात नाही. जमिनीलगत पसरते, खोलगट जागी साचते. हवेत तिचे प्रमाण सुमारे दोन टक्के झाले, तरी एक ठिणगी पुरते.

७/
शिवाय या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्यात न्यू लंडन येथील शाळेखाली गळून साचलेल्या बिनवासाच्या नैसर्गिक वायूचा स्फोट झाला. सुमारे ३०० जण दगावले. त्यांत बहुतेक मुले होती. त्यानंतर इंधनवायूत मुद्दाम दुर्गंधी मिसळण्याचा कायदा तेथे झाला आणि ही पद्धत जगभर रुजली. भारतातील घरगुती गॅसला जो उग्र वास येतो, तो इथाइल मरकॅप्टन या रसायनाचा. त्या वासाच्या रूपाने गॅस जणू हाक मारतो.

८/
आता शेगडी पाठपिशवीत शिरली. फ्रान्समध्ये १९४९ साली ‘कॅम्पिंग गॅझ’चा उद्योग सुरू झाला. तेथे लोकप्रिय झालेले सुरुवातीचे कॅन भोक पाडून वापरायचे असत. एकदा जोडलेला कॅन रिकामा होईपर्यंत काढता येत नसे. पुढे आपोआप बंद होणाऱ्या झडपेचे कॅन आले. जपानमध्ये १९६९ साली इवातानी कंपनीने कॅन आडवा बसणारी, रबरी नळी नसलेली शेगडी बाजारात आणली. आज भारतात मिळणारी पेटीसारखी प्रवासी शेगडी याच घराण्यातली.

९/
या पेटीत ज्योत आणि इंधन यांच्यात वीतभरही अंतर नसते. बुडाला रुंद असलेले पातेले किंवा मोठा तवा ठेवला की खालची उष्णता परतून थेट कॅनवर येते. दोन शेगड्या जोडून त्यांवर एक मोठे भांडे ठेवणे किंवा वारा अडवण्यासाठी चहूबाजूंनी पत्रा लावणे, हेही तितकेच घातक. कॅनमधील ब्यूटेनचा दाब २० अंश सेल्सिअसला सुमारे दोन वातावरणांइतका, तर ५० अंशांना पाचांच्या आसपास असतो.

१०/
येथे यवतमाळचा उन्हाळा महत्त्वाचा ठरतो. मे महिन्यात जिल्ह्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, आणि उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीच्या आत तो त्याहून कितीतरी चढतो. कॅनवर ‘५० अंशांपेक्षा जास्त तापमानात ठेवू नये’ अशी सूचना असते. युरोपात ती खबरदारी वाटेल. विदर्भात ती रोजच्या दुपारची गोष्ट आहे. गाडीत विसरलेला कॅन ज्योतीशिवायही फुटू शकतो.

११/
छोट्या सिलिंडरची कथा वेगळी. मोठ्या सिलिंडरमधून छोट्यात गॅस भरून देण्याचा धंदा बेकायदा आहे, आणि त्याचे कारण पदार्थविज्ञानात आहे. द्रवाला फुगायला वर मोकळी जागा लागते. काठोकाठ भरलेले सिलिंडर उन्हात तापले की द्रव फुगतो आणि दाब झपाट्याने चढतो. २०१३ पासून तेल कंपन्यांचे पाच किलोचे सिलिंडर खुल्या विक्रीस आले. इंडेनने २०२० मध्ये त्याला ‘छोटू’ हे नाव दिले. सिलिंडरच्या वरच्या पट्टीवरील अक्षर पुढील तपासणीची तिमाही सांगते: ‘ए’ म्हणजे मार्चअखेर, ‘बी’ जून, ‘सी’ सप्टेंबर, ‘डी’ डिसेंबर, शेजारचा आकडा वर्षाचा.

१२/
एका धोक्याला मात्र वास, रंग, आवाज यांपैकी काहीच नाही. तो म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या ज्योतीतून तो निघतो आणि रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. १९३४ मध्ये अंटार्क्टिकात एकट्याने हिवाळा काढणारे ॲडमिरल बर्ड स्टोव्ह आणि जनरेटरच्या अशाच विषारी वायूने मरणाच्या दारी पोहोचले. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधील दामन येथे बंद खोलीत गॅसचा हीटर लावून झोपलेले केरळचे आठ पर्यटक पुन्हा उठले नाहीत. त्यांत चार मुले होती.

१३/
२६ ऑगस्ट २०२३ रोजी तमिळनाडूतील मदुराई येथे उभ्या असलेल्या पर्यटकांच्या रेल्वे डब्याला आग लागून नऊ जण मृत्युमुखी पडले. डब्यात चोरून नेलेल्या सिलिंडरवर चहा केला जात होता. रेल्वेतून असे ज्वालाग्राही सामान नेणे हा १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १६४ नुसार गुन्हा असून त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तीर्थयात्रेला निघालेल्या जथ्याने हे विशेष ध्यानात ठेवावे.

१४/
जंगलाचाही कायदा आहे. टिपेश्वर आणि पैनगंगा ही जिल्ह्यातली अभयारण्ये. उन्हाळ्यात सागाच्या वाळक्या पानांचा थर साचतो आणि एक ठिणगी वणवा पेटवते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कलम ३० अभयारण्यास धोका होईल असा विस्तव पेटवण्यास वा तो जळता सोडण्यास मनाई करते. शेगडी कितीही छोटी असली तरी तिला यातून सूट नाही.

१५/
या इतिहासातून नियम आपोआप निघतात. शेगडी सपाट जागी, उघड्यावर पेटवावी. तंबूत, गाडीत वा बंद खोलीत कधीच नाही. भांडे शेगडीच्या आकाराला साजेसे असावे. कॅन बदलताना जवळपास विडी, दिवा, चूल नसावी. जोडावर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे आले तर गळती आहे. काम संपताच कॅन काढून सावलीत ठेवावा. रिकामा कॅन विस्तवात टाकू नये.

१६/
वास आला तर आधी झडप बंद करावी, विजेचे कोणतेही बटण दाबू नये, दारे-खिडक्या उघडून सर्वांना बाहेर न्यावे आणि मोकळ्या जागेतून १९०६ या क्रमांकावर कळवावे. डोके जड होणे, मळमळ आणि झोप एकदम येऊ लागली, तर तो थकवा समजू नये; आधी उघड्या हवेत यावे. तीन दगडांच्या चुलीचा धोका धुरातून कळत असे. गॅसचा कॅन तसे काही कळू देत नाही, म्हणून त्याच्यावर लिहिलेली सूचना पेटवण्याआधी वाचावी.